वाचकांचे प्रश्न : ब्लॉक तोच, जोड वेगळे

प्रश्न : माझी १९७८ची शेव्हरले मालिबू आहे, ३०५ घनइंची व्ही-८, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १९८९च्या शेव्हरले पिकअपमधून उतरवलेलं ३५० मिळतंय. दोन्ही ‘स्मॉल ब्लॉक’, म्हणजे शेव्हरलेच्या लहान व्ही-८ इंजिनांच्या कुळातली आहेत. ते थेट बसेल ना?

उत्तर : माउंटवर (इंजिन गाडीत ज्यांवर टेकतं त्या आधारांवर) थेट बसेल, पण मागच्या बाजूला अडेल. ब्लॉकच्या कडेची माउंटची तीन भोकं आणि बेलहाउसिंगची (गिअरबॉक्सचा इंजिनाला जुळणारा घंटेसारखा भाग) भोकं दोन्हींत एकाच जागी आहेत, त्यामुळे माउंट आणि गिअरबॉक्स तुमचेच चालतील. भानगड क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, मागच्या टोकाला आहे. १९८६पासून शेव्हरलेनं मागचं ऑइल सील दोन तुकड्यांऐवजी अखंड केलं. त्यासाठी क्रँकची फ्लँज (टोकाची चकती) गोल झाली, तिला लागणाऱ्या फ्लेक्सप्लेटच्या (स्टार्टरचे दात असलेली पातळ तबकडी) बोल्टांचं वर्तुळ ३.५८ इंचांवरून ३ इंचांवर आलं आणि पूर्वी फ्लँजवर असलेलं तोलाचं वजन फ्लेक्सप्लेटवर गेलं. म्हणजे तुमची जुनी प्लेट लागणारच नाही. नवी घेताना नुसती बोल्टांची भोकं जुळवून भागत नाही. तिच्या एका बाजूला वजनाची पट्टी जोडलेली हवी. बिनवजनाची प्लेट लावली तर इंजिन थरथरत राहील आणि बेअरिंगं लवकर जातील. जुन्या प्लेटचे दात मोजा, १५३ असतील किंवा १६८, आणि नवी तेवढ्याच दातांची घ्या. १५३ला स्टार्टरचे दोन बोल्ट सरळ रेषेत असतात, १६८ला तिरपे. दात तेवढेच ठेवले की तुमचाच स्टार्टर चालतो.

पैसे देण्याआधी ते खरंच ३५० आहे का, हे तपासा. ३०५ आणि ३५० बाहेरून सारखेच दिसतात आणि दोन्हींचा स्ट्रोक ३.४८ इंच, त्यामुळे प्लगच्या भोकातून सळई घालून पिस्टनची चाल मोजलीत तरी काही कळणार नाही. फरक बोअरमध्ये (सिलिंडरच्या व्यासात) आहे : ३०५चा ३.७३६ इंच, ३५०चा ४ इंच. हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवता येत नसेल तर ब्लॉकच्या मागे, ड्रायव्हरच्या बाजूला, बेलहाउसिंगच्या कडेवर ओतीव आकडा असतो. तिथलं ग्रीस तारेच्या ब्रशनं खरवडून काढा. त्या काळातल्या ३५०वर तिथे बहुधा १४०९३६३८ असतो.

तुमचा इनटेक मॅनिफोल्डही (कार्ब्युरेटरकडून हेडकडे जाणाऱ्या वाटांचा भाग) उपयोगाचा नाही. १९८७पासूनच्या लोखंडी हेडना मधल्या चार बोल्टांचा कोन बदलला. कानशीनं भोकं लांबवून जुना मॅनिफोल्ड बसवणारे आहेत, पण बोल्टचं डोकं सपाट टेकत नाही आणि गॅसकेट गळतं. त्या हेडसाठीचाच मॅनिफोल्ड घ्या. ऑइल पॅन (तळाचं तेलाचं भांडं) नव्या ब्लॉकचाच ठेवा, कारण मागच्या सीलपाशी त्याचा आकार वेगळा आहे. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) आता उजवीकडे येईल. तिची नळी एक्झॉस्टला टेकत नाही ना, हे बघा. ब्लॉकला यांत्रिक पेट्रोल पंप लावायची जागा कोरलेली नसेल तर इलेक्ट्रिक पंप लागेल, आणि तो कार्ब्युरेटरचा, ५-६ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाचा. त्या पिकअपच्या इंजेक्शनचा पंप ९ ते १३ पीएसआय दाब देतो. त्यानं पेट्रोल अडवणारी नीडल उचलली जाऊन कार्ब्युरेटर वाहू लागेल.

प्रश्न : जुन्या ३५०मध्ये नवा कॅमशाफ्ट टाकला. तासाभरात टकटक सुरू झाली. उघडून पाहिलं तर दोन लोब (झडपा उघडणारे कॅमवरचे उंचवटे) झिजून गोल झालेत. कॅमच खराब होता का?

उत्तर : कॅमपेक्षा पहिल्या वीस मिनिटांवर माझा संशय जास्त आहे. ‘सपाट’ म्हणवणाऱ्या टॅपेटचाही (लोबवर टेकून झडपेकडे चाल पोचवणारा तुकडा) तळ किंचित फुगीर असतो आणि लोब किंचित उतरता, म्हणून टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतं. ते फिरलं नाही की एकाच जागी घासतं आणि लोब खरवडला जातो. आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) क्रँकनं उडवलेलं तेल लोबवर पुरेसं पडत नाही. म्हणून सुरू होताच २००० ते २५०० आरपीएमवर न्यायचं आणि वेग थोडा वरखाली करत २० मिनिटं तिथेच ठेवायचं. स्टार्टर मारत बसायची वेळ येऊ नये, म्हणून टायमिंग आणि पेट्रोल आधीच नीट लावा. लोब आणि टॅपेटच्या तळांना ब्रेक-इनची (नवा कॅम रुळवायची) पेस्ट लावा, तेल जस्त-फॉस्फरस जास्त असलेलं वापरा. डिस्ट्रिब्युटर काढून प्रायमिंगचा (सुरू करण्याआधी तेल चढवायचा) दांडा ड्रिलनं घड्याळाच्या दिशेनं फिरवा आणि सोळाही रॉकरपाशी (झडपा दाबणाऱ्या तरफांपाशी) तेल येईपर्यंत थांबू नका. दांड्याला खालची बाही (भोवतीची नळी) हवीच, कारण शेव्हरलेत तेलाची वाट डिस्ट्रिब्युटरच्या धडाजवळून जाते. नुसता दांडा घातलात तर तेल तिथूनच गळतं. झडपांना दुहेरी स्प्रिंग असतील तर वीस मिनिटांपुरती आतली काढून ठेवा.

आता नवा कॅम घ्याल तेव्हा सोळाही टॅपेटं नवीच घ्या. झिजलेल्या लोबचा चुरा तेलाबरोबर सगळीकडे गेलाय. पॅन उतरवा, तेलाच्या वाटा ब्रशनं धुवा, मेन बेअरिंगं बघा. हे टाळलंत तर दुसरा कॅमही जाईल.

प्रश्न : इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये बोटभर फट राहते. बोल्ट आवळून ओढून घेऊ का?

उत्तर : अजिबात नको. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा डबा) गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण बसलेला नाही, आणि बोल्टानं ओढलंत तर तो पंप फुटेल. इंजिन मागे घ्या, कन्व्हर्टर आत दाबत फिरवा. तो टप्प्याटप्प्यानं आत घसरतो, शेवटी पंपाच्या खाचेत अडकतो. बेलहाउसिंग हातानंच टेकली पाहिजे. ती आवळल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमध्ये ३ ते ५ मिलिमीटर फट उरते. तेवढा तो पुढे ओढून बोल्ट लावायचे.

प्रश्न : नवं इंजिन बसवल्यावर स्टार्टर मंद फिरतो आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल चटका बसेल इतकी तापते.

उत्तर : इंजिनाची अर्थिंगची पट्टी राहून गेली आहे, म्हणून स्टार्टरचा विद्युतप्रवाह केबलमधून परततोय. ती जोडेपर्यंत पुन्हा स्टार्टर मारू नका, केबल जळेल. बॅटरीची ऋण तार थेट ब्लॉकला, आणि हेडच्या मागून फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) विणलेली पट्टी, असे दोन जोड हवेत. नव्या रंगवलेल्या ब्लॉकवर बोल्टखालचा रंग आधी खरवडून लखलखीत धातू उघडा करा. रंगावर आवळलेली पट्टी असून नसल्यासारखी.