बीएस्सी ॲग्री की ॲग्री बिझनेस? शेतीचं शास्त्र आणि धंदा एकत्र शिकता येतो का?

तुझा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात पुन्हा मांडतो. बारावी सायन्स झालं, सीईटी दिली, घरी तीन एकर ऊस आहे. शेतीचं शास्त्र आणि धंदा दोन्ही शिकायचंय. वडील म्हणतात, "शेतीच करायची तर कॉलेज कशाला? आणि धंदाच शिकायचा तर सरळ कॉमर्स का नाही?"

वडिलांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, त्याकडे येतोच. पण आधी माझं मत सांगून टाकतो. पहिली पदवी शास्त्राची घे. धंद्याकडे पहिल्या वर्षापासून डोळे उघडे ठेव, पण व्यवस्थापनाची पदवी नंतर. मी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातून बीएस्सी ॲग्री केलं, मग पुण्यात ॲग्री बिझनेसचं पदव्युत्तर. काही वर्षं एका साखर कारखान्याच्या ऊस विकास विभागात होतो, आता एका शेतकरी उत्पादक कंपनीची खरेदी बघतो. म्हणजे मी ज्या वाटेने आलो तीच तुला सांगतोय, हे लक्षात ठेवून वाच. आणि वयाने बरीच लहान आहेस म्हणून अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस.

कॉमर्स का नाही, हे तुमच्याच घरच्या उसावरून सांगतो.

तुमच्याकडे 86032 असेल नाहीतर 265. दोन्ही वाणांमागे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राचं काम आहे. 265 वजनाला भारी, खोडवाही (तोडणीनंतर त्याच बुडख्यातून पुन्हा येणारा ऊस) चांगला फुटतो, म्हणून शेतकऱ्याला आवडतो. पण तो पक्व व्हायला वेळ घेतो. हंगामाच्या सुरुवातीलाच तोडला तर उतारा (म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) कमी पडतो, म्हणून बरेच कारखाने त्याची नोंद घ्यायला कां-कू करतात किंवा पाळीपत्रकात, म्हणजे तोडणीच्या क्रमाच्या यादीत, त्याला मागे ढकलतात. गावात याचा अर्थ "कारखानावाले मुद्दाम अडवतात" असा लावला जातो. कारखान्यात याचा अर्थ "शेतकऱ्याला फक्त टनेज दिसतं" असा लावला जातो. मी दोन्हीकडच्या चहाला बसलेलो आहे, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

का, ते आकड्यात बघ. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राची एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये होती. उतारा त्यावर गेला की दर 0.1 टक्क्याला क्विंटलमागे 3.46 रुपये वाढत होते. म्हणजे उताऱ्याचा एक पूर्ण टक्का टनामागे 346 रुपयांचा. आता समज, तू एका एकरात 50 टन ऊस काढलास, वाण चांगला निवडलास, पाणी वेळेवर तोडलंस, आणि तुझ्या उसाचा उतारा बाकीच्यांपेक्षा एक टक्का जास्त भरला. तू 17,300 रुपयांची भर घातलीस. पण कारखान्याच्या गव्हाणीत पडलेला ऊस कुणाचा हे कोण वेगळं मोजतं? भाव ठरतो अख्ख्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. कारखान्याने 10 लाख टन गाळप केलं असेल तर तुझी ही भर त्या 10 लाख टनांत वाटली जाते, आणि तुझ्या 50 टनांच्या वाट्याला येतात साधारण 87 पैसे. याउलट 265 लावून पाच टन वजन जास्त निघालं, तर त्या पाच टनांचे पैसे पूर्णपणे तुझ्या खात्यावर. सांग, तू काय लावशील?

हे गणित फक्त कॉमर्स शिकलेल्याला सुटत नाही, कारण पक्वता म्हणजे काय, तोडल्यानंतर ऊस फडात पडून राहिला की त्यातल्या साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊन उतारा का पडतो, आडसालीला (16-18 महिने उभ्या राहणाऱ्या उसाला) नत्र उशिरापर्यंत देत राहिलं तर काय होतं, हे त्याला ठाऊक नसतं. आणि फक्त ॲग्री शिकलेल्यालाही सुटत नाही. तो शेतकऱ्याला चर्चासत्रात "उतारा वाढवा" सांगून मोकळा होतो, त्यात शेतकऱ्याचा फायदा 87 पैशांचा आहे हे त्याच्या ध्यानातच येत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा विभागातले बहुतेक लोक या दुसऱ्या प्रकारचे होते. हुशार, कष्टाळू, शिवारातली गट नंबरनिशी माहिती तोंडपाठ. पण लावणीच्या तारखेनुसार तोडणी लावायची की ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) बघून, यावर खर्चाचा हिशेब मांडून बोलणारा माणूस क्वचित. तिकडे हिशेब विभागातले लोक ताळेबंद चोख ठेवायचे, पण पाऊस लांबला की ऊसतोडीच्या टोळ्या चार दिवस का बसून राहतात हे त्यांना सांगावं लागायचं.

महाराष्ट्रातली सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली तीच या दोन प्रकारच्या माणसांच्या जोडीतून. प्रवरानगरच्या कारखान्यात विठ्ठलराव विखे पाटील हे शेतकरी आणि धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ एकत्र आले, गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले. तुला हे दोन्ही एकाच डोक्यात बसवायचंय, एवढाच फरक.

उसाबाहेरचं एकच उदाहरण देतो. 2010 मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. हे तेच औषध जे शेतकरी लिहोसीन नावाने ओळखतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून काडीत घड धरावा म्हणून ते फवारलं जायचं. फवारणी एका हंगामात, माल तोडला पुढच्या वर्षी, आणि फटका बसला परदेशातल्या बंदरावर. वनस्पतिशास्त्रातली एक गोष्ट थेट बँकेच्या कर्जखात्यापर्यंत गेली. नाशिकजवळ मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी करणारे विलास शिंदे राहुरीचे कृषी अभियंते आहेत, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

आता कोर्सबद्दल. बीएस्सी (ऑनर्स) ॲग्रीकल्चर चार वर्षांचं, आठ सत्रांचं. कृषिविद्या, मृदशास्त्र, उद्यानविद्या, कीटकशास्त्र, रोगशास्त्र, पैदासशास्त्र हा गाभा. पण त्यातच कृषी अर्थशास्त्र, वित्त आणि सहकार, पणन, शेती व्यवस्थापन, उद्योजकता हे विषयही असतात. मुलं त्यांना "स्कोअरिंग" म्हणून आदल्या रात्री वाचतात. तू तसं करू नकोस. तुझ्या प्रश्नातला "धंदा" पन्नास टक्के तिथेच आहे, फक्त कुणी तो गंभीरपणे घेत नाही.

बीएस्सी ॲग्री बिझनेस मॅनेजमेंट हीसुद्धा चार वर्षांचीच पदवी आहे. तिच्यात लेखाशास्त्र, विपणन, मनुष्यबळ, पुरवठा साखळी जास्त आणि शेतीचं शास्त्र पातळ. वाईट नाही. अन्नप्रक्रिया, निर्यात, बियाणं कंपनीचं विपणन यातच जायचं पक्कं असेल तर चालेल. माझी हरकत एवढीच की अठराव्या वर्षी मातीत हात घालून पिकावरचा रोग ओळखायची जी नजर बसते ती चोविसाव्या वर्षी बसवणं अवघड, ताळेबंद वाचायला मात्र चोविसाव्या वर्षीही शिकता येतं. शिवाय सरकारी कृषी सेवेचा विचार घरात असेल (आणि आपल्याकडे तो कुणाच्या घरात नसतो?), तर जाहिरातीत पात्र पदव्यांची यादी असते, ती प्रवेश घेण्याआधी अक्षर न् अक्षर वाच. बीएस्सी ॲग्रीला तिथे सहसा अडचण येत नाही. गावात कृषी सेवा केंद्र काढायचं म्हटलं तरी खतं-औषधांच्या परवान्याला शेतीची पदवी उपयोगी पडते. ज्यांच्याकडे ती नाही ते विक्रेते वर्षभराचा देसी नावाचा पदविका अभ्यासक्रम करत बसतात.

तिसरा रस्ता म्हणजे खरोखर दोन पदव्या एकाच वेळी. 2022 पासून यूजीसीने त्याला परवानगी दिली आहे. नियमित ॲग्री आणि सोबत मुक्त विद्यापीठातून बीकॉम किंवा बीबीए. कागदावर छान दिसतं. पण ॲग्रीची सकाळ प्लॉटवर जाते, दुपार प्रॅक्टिकलमध्ये, आणि हजेरी कडक. प्रवेशाआधी कॉलेजला लेखी विचारून घे. माझ्या मते त्या वेळेत टॅली, एक्सेल आणि रीतसर पाचशे शब्दांचं इंग्रजी पत्र लिहिणं शिकलीस तर जास्त उपयोग होईल.

चौथ्या वर्षातल्या ग्रामीण कृषी कार्यानुभवाला मात्र मनापासून किंमत दे. पेपरात "कृषीकन्यांनी शेतकऱ्यांना बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवले" अशा फोटोसकट बातम्या येतात ना, तोच हा. बहुतेक गट फोटो काढतात, फाइल सजवतात आणि संपलं. खरं तर अख्खं गाव तुमच्यासमोर उघडं असतं. सोसायटीच्या सचिवाकडे बसून पीककर्ज कसं फिरतं ते बघ. कर्ज मार्चअखेर भरून पुन्हा उचलायचं हा खेळ का खेळला जातो ते विचार. एका आडसाली प्लॉटचा लावणीपासून बिलापर्यंतचा हिशेब मांड: 16-18 महिने पैसा अडकलेला, त्याचं व्याज, तोडणी-वाहतूक किती कापली, टोळीला खुशाली (वरचे पैसे) किती द्यावी लागली. तो शेवटचा आकडा कुठल्याच पावतीवर सापडत नाही, पण खर्च तर होतोच. असा एक हिशेब नीट मांडलास तर पुढे मुलाखतीत तुझ्याकडे बोलायला काहीतरी असेल. मी आता मुलाखती घेतो तेव्हा गुणपत्रिका बाजूला ठेवून हेच विचारतो. बहुतेकांना स्वतःच्या घरच्या उसाचा टनामागचा खर्च सांगता येत नाही.

पदव्युत्तरसाठी ठिकाणं भरपूर. अहमदाबादच्या आयआयएमचा अन्न आणि कृषी व्यवसायाचा अभ्यासक्रम, लखनौ आयआयएमचा कृषी व्यवसायाचा, हैदराबादची मॅनेज, जयपूरची नियाम, आणंदची इर्मा (जी 2025 मध्ये त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा भाग झाली), आणि पुण्यातच वैकुंठ मेहता संस्था. कॅटची (आयआयएमच्या प्रवेश परीक्षेची) तयारी तिसऱ्या वर्षापासून कर. यातली फी ऐकून घरच्यांना घाम फुटेल, शैक्षणिक कर्ज लागेल, हे आताच सांगून ठेव. मधे एक-दोन वर्षं नोकरी केलीस तर वर्गात बसल्यावर शिकवलेलं जास्त कळतं, असा माझा अनुभव.

नोकऱ्यांबद्दल गोड बोलत नाही. सुरुवात बहुधा बियाणं-खतं-औषधं कंपनीत फील्डवर होते. दुचाकी, डीलर, टार्गेट, जूनमध्ये माल खपवायचा आणि नंतर वसुली. मुलींना फील्डवर घ्यायला कंपन्या अजूनही बिचकतात, पण बदलतंय. शेतकरी उत्पादक कंपन्यांत जागा आहेत. केंद्राच्या 10,000 कंपन्यांच्या योजनेत प्रत्येक कंपनीला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त 18 लाखांची मदत धरलेली आहे, त्यातूनच सीईओ आणि हिशेबनीस यांचे पगार निघतात. तीन वर्षं संपली आणि कंपनीचा स्वतःचा धंदा उभा राहिलेला नसला की सीईओ पहिला बाहेर पडतो. तिथे टिकतो तो माणूस सोयाबीनची ओल हातात घेऊन सांगू शकतो आणि खेळतं भांडवल किती दिवस पुरेल हेही.

धोरण नावाचा तिसरा गडी आहेच. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली, मे 2024 मध्ये 40 टक्के शुल्क लावून उघडली. चाळीत कांदा भरून ठेवलेल्याचं शास्त्रही बरोबर होतं आणि बाजाराचा अंदाजही, पण धोरण आडवं आलं. म्हणून रोज दहा मिनिटं पेपरातलं बाजारपान वाचत जा.

वडिलांना सांग, शेती करायला कॉलेज लागत नाही हे खरं, पण उसाचं बिल आल्यावर ते बरोबर आहे की नाही हे तपासणारं कुणीतरी घरात लागतं.

ऑप्शन फॉर्म भरताना सरकारी कृषी महाविद्यालयं वर टाक, मग अनुदानित, आणि खाजगी विनाअनुदानित शेवटी. फीमध्ये मोठा फरक आहे. खाजगीत जायची वेळ आलीच तर कॉलेजची शेतजमीन स्वतः जाऊन बघ. प्लॉटवर तण आणि पाटीवर "आदर्श प्रक्षेत्र" असं दिसलं तर पुढच्या फेरीची वाट बघ.