मुलांच्या जुन्या, मोडक्या खेळण्यांपासून भिंतीवर लावण्यासारखं काही करता येईल का?

तुमच्याकडे पोतंभर खेळणी आहेत आणि तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: गोंद कुठला वापरावा, आणि सगळ्याला एकच रंग मारला तर पसारा दिसणार नाही ना. गोंदाचं सांगते, पण आधी रंगाचं. मारू नका. पांढरा नको, काळा नको आणि सोनेरी तर अजिबात नको.

एवढ्या तावातावाने सांगायचं कारण घरचंच आहे. माझं माहेर डोंबिवलीचं. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा माळा रिकामा करायची वेळ आली. आईने आयुष्यात काही टाकलेलं नाही. पत्र्याच्या ट्रंकेतून सगळं बाहेर आलं: दाबला की टिकटिक करणारा पत्र्याचा बेडूक, सावंतवाडीची लाकडी फळं (केळ्यावर माझे दात अजून उमटलेले आहेत), भातुकलीतली चूल आणि जातं, मुंडकी उडालेले मावळे, आणि दादाचे जी. आय. जो, म्हणजे अमेरिकन सैनिकांचे छोटे प्लॅस्टिकचे बाहुले. ज्यांच्याकडे ते होते त्यांना ठाऊक असेल, त्यांच्या धडात एक रबरी रिंग असते. ती कुजली की धड एकीकडे, पाय एकीकडे. दादाची अख्खी पलटण अशी अर्धीअर्धी होऊन पडली होती. शिवाय जत्रेतली फुटफुट बोट. आत वात पेटवायची, टाकी तापली की मागच्या नळ्यांतून पाणी ढकललं जातं आणि बोट परातीत फटफटत फिरते. आमच्या बोटीच्या टपावर वातीच्या काजळीचा काळा डाग आहे आणि तो मी आजतागायत पुसू दिलेला नाही.

दादा म्हणाला, भंगारवाल्याला दे. वहिनी म्हणाली, नको, नव्या हॉलसाठी फ्रेम करू. इथवर ठीक होतं. मग त्यांचा इंटिरिअरवाला आला. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले आणि सांगितलं, सगळं एकत्र चिकटवा, वरून सोनेरी स्प्रे मारा, एकदम क्लासी. मी म्हटलं, गॅदरिंगमध्ये वर्गातल्या सगळ्या पोरांना झाड केल्यावर आपलं पोरगं ओळखायचं कुठून? कोणी हसलं नाही. शेवटी वाटणी झाली. प्लॅस्टिकचे प्राणी त्यांना, उरलेली ट्रंक मला.

आज दादाच्या हॉलमध्ये सोनेरी गेंडा, सोनेरी जिराफ आणि सोनेरी डायनॉसोर एका चौकटीत उभे आहेत. येणारे पाहुणे विचारतात, कुठून घेतलंत? माझ्याकडे येणारे विचारत नाहीत. ते बोर्डापाशी जातात आणि ओरडतात, अरे, हा बेडूक आमच्याकडे होता!

माझा बोर्ड म्हणजे मरीन प्लायवर मांडलेला दिवाळीचा किल्ला. खेळण्यांची मांडणी आपल्याला बाहेरून शिकायची गरजच नाही. चैत्रगौरीच्या आराशीत आई घरातलं प्रत्येक खेळणं मांडायची. किल्ल्यावर तर प्रमाणाचं भान कोणालाच नसायचं. मावळ्यापेक्षा कोंबडी मोठी, पायथ्याला मोटारी, बुरुजावर वाघ. मजा त्यातच होती. पण आमच्याकडे किल्ला दादा आणि त्याचे मित्र करायचे. मला काम काय, तर अळीव पेरायचे आणि पाणी शिंपडायचं. एकदा मी भातुकलीतली चूल गडावर नेऊन ठेवली तर त्याने उचलून खाली ठेवली. “किल्ल्यावर भातुकली नसते.” आता बोर्डावर बालेकिल्ल्याच्या शेजारीच चूल आहे, जातं आहे, आणि अर्धे जी. आय. जो पंगतीला बसलेत. पाय नसल्यामुळे बसलेले छान दिसतात. दादाने बघितलं आणि एवढंच म्हणाला, “चूल तिथे नसते.” पन्नाशी आली तरी! मावळे काय उपाशीपोटी लढत होते?

असो. पसाऱ्याचं म्हणाल तर तो रंग मारून जात नाही, क्रम लावून जातो. टोनी क्रॅग या ब्रिटिश शिल्पकाराने १९७८ साली टाकाऊ प्लॅस्टिकचे तुकडे लालपासून जांभळ्यापर्यंत इंद्रधनुष्याच्या क्रमाने जमिनीवर मांडले. कशालाही रंग दिला नाही. तुम्हीही ढीग रंगावारी वेगळे करा, निम्मा प्रश्न सुटेल. दादा मात्र मला पिकासो ऐकवतो. पिकासोने १९५१ मध्ये पोराच्या दोन खेळण्यातल्या गाड्या एकमेकींना पोटाकडून लावून माकडिणीचं तोंड केलं, आणि मग सगळं ब्राँझमध्ये ओतलं. म्हणजे एकाच रंगात! मुद्दा बरोबर आहे, पण तिथे गाडीची काच डोळ्यांच्या जागी आहे आणि गाडी गाडीच दिसते. गेंड्याला फक्त सोनं लागलं.

आता गोंद. कडक, खणखणीत प्लॅस्टिक आणि पत्र्याला अ‍ॅराल्डाइट. फेविक्विकने पांढरे डाग पडतात आणि धक्का लागला की सांधा सुटतो. मेणचट, नखाने ओरखडा उठणारं प्लॅस्टिक (तळाला बाणांच्या त्रिकोणात प्लॅस्टिकच्या प्रकाराचा आकडा २, ४ किंवा ५ असेल तर नक्कीच) साध्या कुठल्याच गोंदाला दाद देत नाही. ग्लू गनचा गोंद तर अख्खा सुटून येतो. तिथे मागून स्क्रू किंवा तांब्याची तार. जुन्या मऊ बाहुल्या चिकट झाल्या असतील तर त्या घेऊच नका, आतलं तेलकट रसायन बाहेर येत राहतं आणि त्यावर काही टिकत नाही.

खेळण्यांतले बॅटरीचे सेल काढलेत ना? आणि रंगाचे पोपडे निघणारी जुनी खेळणी पॉलिशपेपरने घासू नका, लहान मुलांनाही देऊ नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला तोच १ जानेवारी २०२१ पासून. अशी खेळणी भिंतीवरच बरी, तीसुद्धा हात पोचणार नाही अशा उंचीवर. उलट धडधाकट असेल ते कोणाला तरी खेळायला द्या, चिकटवू नका. बोर्ड उन्हात नको, प्लॅस्टिक पिवळं पडतं. आणि स्प्रेचा डबा आधीच आणून ठेवला असेल तर गॅलरीच्या ग्रिलला मारा.