छडी न वापरता तिसरी-चौथीचा जोडवर्ग कसा सांभाळावा?

आपण विचारले आहे की, जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच नेमणूक झाली आहे, तिसरी आणि चौथीची मिळून 38 मुले एकाच खोलीत बसतात, ओरडून ओरडून दुपारपर्यंत घसा बसतो आणि छडी हाती घ्यायची नाही, तर वर्ग सांभाळायचा कसा? बीड जिल्ह्यात मी 19 वर्षांपासून प्राथमिक वर्गांना शिकवतो. त्यातली बरीच वर्षे द्विशिक्षकी शाळेत गेली, त्यामुळे आपली अडचण मला जवळून ठाऊक आहे.

मुलांनी गडबड केल्यावर काय करावे, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा आणि गडबड नेमकी कधी होते, ते आठवडाभर वहीत टिपून ठेवावे. माझ्या वर्गात ती बहुतेक तीनच वेळी होत असे: परिपाठ संपवून मुले आत येताना, एका इयत्तेला शिकवत असताना दुसऱ्या इयत्तेच्या हाती काम नसताना, आणि खिचडी खाऊन मुले परतल्यावर. हे लक्षात आल्यावर मी मधली सुट्टी संपण्याआधीच फळ्याच्या एका बाजूला तिसरीसाठी आणि दुसऱ्या बाजूला चौथीसाठी दोन-दोन उदाहरणे लिहून ठेवू लागलो. आत आलेल्या मुलाने कोणाच्याही सांगण्याची वाट न पाहता वही उघडायची, एवढाच नियम होता. पण तो अंगवळणी पडावा म्हणून जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिले पंधरा दिवस आम्ही त्याचा रोज सराव केला. चपला कुठे काढायच्या, वह्या कुठे ठेवायच्या, पाणी प्यायला कसे जायचे, या गोष्टीही पाढ्यांसारख्याच शिकवाव्या लागतात. त्या मुलांना आपोआप येतील असे आपण धरून चालतो आणि मग उगाच चिडतो.

आवाजाच्या बाबतीत माझे डोळे पावसाने उघडले. आमची खोली पत्र्याची होती आणि जुलैत एकदा सर सुरू झाली की माझे बोलणे पहिल्या रांगेलाही ऐकू जात नसे. तेव्हा मी हात वर करून उभा राहायचो. जो पाहील त्याने हात वर करायचा, तोंड बंद करायचे आणि शेजाऱ्याला हळूच खूण करायची, असे ठरले. पाऊस उघडल्यावरही ती खूण आम्ही सोडली नाही. मात्र सगळे हात वर येईपर्यंत एक शब्दही बोलू नये. गोंगाटातच शिकवायला सुरुवात केली, तर त्या खुणेला किंमत उरत नाही.

कौतुक करतानाही नेमके बोलावे. नुसत्या ‘शाब्बास’ने मुलाला आपण काय चांगले केले ते कळत नाही, ‘तुझे उदाहरण झाले होते, तरी तू शेजारणीला उत्तर न सांगता रीत दाखवलीस’ असे म्हटले, की ते शेजारच्या चौघांनाही कळते. चॉकलेट आणि चांदण्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवावा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, बक्षीस मिळेल असे आधी सांगून ज्या बालवाडीच्या मुलांकडून चित्रे काढून घेतली, ती पुढे मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळलेली आढळली.

एक चूक मी स्वतः केली, ती आपण करू नये. बोलणाऱ्यांची नावे मॉनिटरने फळ्यावर लिहायची, अशी पद्धत मी काही वर्षे चालवली. एका मुलीचे नाव सलग तीन दिवस फळ्यावर आले आणि चौथ्या दिवसापासून ती शाळेत येईना. मी घरी गेलो तेव्हा ती आजीच्या मागे लपली आणि म्हणाली, “मी नाही बोलले गुरुजी, ती मुद्दाम नाव लिहायलीय.” ते खरे होते. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळालाही मज्जाव केला आहे. छडी टाकली म्हणजे कायदा पाळला, असे मला तोवर वाटत होते. आता मॉनिटरकडे फक्त वह्या वाटणे आणि पाण्याच्या टाकीवर रांग लावणे ही कामे असतात आणि दर सोमवारी मॉनिटर बदलतो.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट सांगतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली काही मुले मार्चच्या आसपास परत येतात, तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. असा चौथीतला एक मुलगा दिवसभर दुसऱ्यांच्या पाट्या ओढायचा. त्याला रागावण्याऐवजी मी विचारले, “बैलगाडीत किती मोळ्या बसतात रे?” त्याने फळ्याजवळ येऊन मोळ्या, खेपा आणि टन यांचा हिशेब असा मांडला की सगळा वर्ग ऐकत राहिला. त्या आठवड्यातली गुणाकाराची उदाहरणे आम्ही त्याच्याच आकड्यांवरून तयार केली आणि ती तिसरीला समजावून देण्याचे काम त्याला दिले. पाट्या ओढणे एका दिवसात थांबले नाही. पण ओढलीच, तर ती पुसून, पेन्सिलीसकट ज्याची त्याला परत द्यायची, हे त्याने स्वतःच ठरवले आणि पाळले.

आपल्या वर्गात उद्यापासून सगळे एकदम सुरू करू नये. आधी मधल्या सुट्टीनंतरची दहा मिनिटे नीट बसवावीत, त्याला दोन-तीन आठवडे लागतील, आणि मगच हाताची खूण शिकवायला घ्यावी.