टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेऊनही शुक्राणू शून्य कसे?

तुम्ही विचारलंय: "ट्रेनरच्या सांगण्यावरून दीड वर्ष टेस्टोस्टेरॉन घेतोय. मूल हवंय, तर रिपोर्टमध्ये शुक्राणू 'निल'. पुरुषी हार्मोन घेऊन असं उलटं कसं झालं?"

मी डॉक्टर नाही, ठाण्यात लॅब टेक्निशियन आहे. असे नमुने हातातून जातात. पहिल्या थेंबात काही दिसलं नाही तर आम्ही नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ स्लाइडवर घेतो आणि पुन्हा शोधतो. तिथेही काही नाही, तेव्हाच 'निल' लिहितो. सोबतच्या रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन भरपूर आणि एलएच, एफएसएच (मेंदूकडून वृषणांना हुकूम देणारी दोन हार्मोन्स) तळाला, अशी जोडी दिसली की बाहेरून काय चाललंय ते विचारावंच लागत नाही.

आता कारण. मेंदूतला हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचा संदेश थांबत-थांबत, ठोक्याठोक्याने सोडतो. ठोके महत्त्वाचे! १९७८ साली ऱ्हीसस माकडांवरच्या प्रयोगात हे हार्मोन तासाला एकदा दिलं तर पिट्युटरी (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) चालली, अखंड दिलं तर थंडावली. पिट्युटरीतून एलएच आणि एफएसएच निघतात. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं, एफएसएच शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींना कामाला लावतं.

घोडबंदर रोडच्या सोसायटीतलं पाणी आठवा. टँकरने वरची टाकी भरली की सेन्सर मोटार बंद करतो. तुमच्या रक्तात इंजेक्शनचा टँकर आलाय, मेंदूने मोटार, म्हणजे एलएच आणि एफएसएच, बंद केलीय. गोम अशी, की शुक्राणूंना टाकीतलं नाही, विहिरीतलं पाणी लागतं. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कित्येक पट जास्त असतं, ते इंजेक्शनने भरून निघत नाही. म्हणूनच हे गर्भनिरोधक म्हणून तपासलं गेलं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आठवड्याला २०० मिलिग्रॅम घेणाऱ्या २७१ पुरुषांपैकी १५७ जणांचे शुक्राणू शून्यावर आले होते. तुमचा ट्रेनर नकळत तेच करतोय.

इंजेक्शनं थांबल्यावर मोटार पुन्हा चालू होते का? बहुतेकांची होते. उत्तरेकडच्या ऱ्हीसस नरांत तर विणीचा हंगाम संपला की वृषणं आक्रसतात, पुढच्या हंगामात पुन्हा भरतात. (येऊरला आपल्या डब्यावर झडप घालणारी बॉनेट माकडं वेगळी.) माणसाला मात्र काही महिने, कधी वर्षभर किंवा जास्तही लागतं. एक शुक्राणू घडायलाच अडीच महिने जातात, त्यामुळे पंधरा दिवसांनी रिपोर्ट काढून पैसे घालवू नका.

आपल्या मनाने काही सुरू-बंद करण्याआधी एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनतज्ज्ञ) किंवा अँड्रॉलॉजिस्टला (पुरुषांच्या प्रजननाचे तज्ज्ञ) भेटा. काहींना ते एलएचसारखं काम करणारं एचसीजी देतात. जाताना व्हायलवरच्या लेबलचा फोटो, डोस आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख न्या. तिथे लाजून "प्रोटीनच घेतो" म्हणू नका, एलएचचा आकडा सगळं सांगतोच. आणि पुढचा नमुना द्याल तेव्हा आधीच्या वीर्यस्खलनापासून दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवा.