वाचक विचारतात : कुलाबा किल्ल्याला पूल का नको?

प्रश्न : अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर जायला ओहोटीची वाट पाहत बसावे लागते. किनाऱ्यापासून छोटा पादचारी पूल बांधला तर अडचण कसली? (एक वाचक, पेण)

संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे, पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते, आणि किनारा नियमन क्षेत्राचे नियम वेगळेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी पूल नकोच, असे आमचे मत आहे. खांबावर आपटलेले पाणी खाली वळते आणि बुडाची वाळू उपसून नेते. भरीव बांध घातला तर वाहत येणारी वाळू एका अंगाला साठते, दुसऱ्या अंगाची पुळण खंगत जाते. शिवाय भरती हाच या किल्ल्याचा खंदक. दिवसातून दोनदा तो गर्दीला आपणहून अटकाव करतो. तिकीटखिडकीला ते जमणार नाही.

प्रश्न : मग पाणी चढल्यावर गडावर अडकणाऱ्यांचे काय करावे? (घरगुती निवास चालवणाऱ्या वाचक, अलिबाग)

किनाऱ्यावरच्या फलकावर ‘ओहोटी ९.१५’ एवढे लिहून भागत नाही. सव्वानऊला निघायचे, असा अर्थ माणूस काढतो आणि तिथेच फसतो. सगळ्यात मोठ्या अक्षरांत परतीची वेळ हवी.

हिशेब असा. कोकणातली जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, तिथून सव्वासहा तासांनी, सव्वानऊला, पूर्ण ओहोटी. चतुर्थीला गडावरच्या गणपतीला जाणाऱ्यांची वेळ बरी जुळते, ती यामुळेच. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते. वेळ सोयीची, पण ती भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. पाणी पुरते हटतच नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला वाट छान उघडते, मात्र सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी परतताना अंधार. म्हणून चालत येणाऱ्यांना द्वितीया ते चतुर्थीच्या सकाळी सुचवाव्यात. ही रीत अर्धा-पाऊण तास चुकू शकते. फलकावर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी कोष्टकातलीच वेळ लिहा.

पाणी एकसारखे चढत नाही. सहा तासांत बारा भाग धरले तर ते १, २, ३, ३, २, १ असे चढते. ३.६ मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात ३० सेंटीमीटर, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात तब्बल ९०. ‘आत्ता तर घोटाभर होतं’ म्हणणारा माणूस याच तिसऱ्या तासात सापडतो. वाळूची वाट सगळ्यात खालच्या पातळीपेक्षा उंच असेल तेवढीच काय ती सवड. त्यामुळे नियम सोपा ठेवा : किनाऱ्यावरून ओहोटीच्या दीड तास आधी निघावे, ऐन ओहोटीला आत सोडणे बंद, आणि त्यानंतर तासाभरात सगळे महादरवाजाबाहेर. त्याआधी अर्धा तास घंटा. वाटेवरच्या सगळ्यात सखल जागी वाळूत एक लाकडी खांब रोवून ४५ सेंटीमीटरवर लाल पट्टा मारा. पाणी पट्ट्याला लागले की पायी सोडायचे नाही. वाळू हलते, म्हणून प्रत्येक उधाणानंतर पट्टा पुन्हा मोजायचा.

प्रश्न : तटाच्या फटी सिमेंटने भराव्यात का? कठडे कसे लावावेत? (वास्तुरचनेचा विद्यार्थी, पुणे)

फटी मुळीच भरू नका. कुलाब्याचा तट मोठमोठे दगड चुन्याविना एकावर एक रचून उभा केला आहे. लाट फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. सिमेंटने तोंडे बुजवली की आत शिरलेले खारे पाणी कोंडते, ते दगडातून सुकत बाहेर येते आणि मिठाचे स्फटिक दगडाचे पापुद्रे काढतात.

कठड्यासाठी दगडाला भोक पाडून लोखंडी बोल्ट ठोकणे हाही तसलाच उपद्व्याप. गंजताना लोखंड फुगते आणि दगड आतून तडकतो. कठडा वजनदार बैठकीवर सुटा उभा करावा, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा. बैठकीखाली रबराची चकती. उंची १.१ मीटर, आणि तटाच्या कडेपासून मीटरभर आत. झिजलेल्या पायऱ्यांवर लाकडी फळ्या टाका, पण फळीखाली बोटभर पोकळी ठेवा. ती नसेल तर पाणी साचते, शेवाळे धरते आणि पाय मूळ दगडावर घसरला नसता तो फळीवर घसरतो.

प्रश्न : चाकाच्या खुर्चीवरून किल्ला पाहता येईल का? (एक वाचक, ठाणे)

आतला सपाट भाग, हो. उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे ४५ सेंटीमीटरच्या चढाला ५.४ मीटर लांब लाकडी रॅम्प. तो उचलून नेता येईल असा तुकड्यांत करावा. तटावर खुर्ची नेण्याचा हट्ट धरू नये. ओल्या वाळूत साधी चाके रुततात, तिथे फुग्यासारख्या रुंद टायरची खुर्ची लागते, नाहीतर घोडागाडी. गाडीच्या फळीएवढ्या उंचीचा सुटा चौथरा दोन्ही टोकांना असला, तर माणसाला उचलून चढवावे लागत नाही.