आणखी एक माणूस ठेवू का?

"काम उरकत नाही, ग्राहक चिडतात, हाताखालची मुलं टिकत नाहीत. आणखी एक माणूस ठेवू, की कामंच कमी घेऊ?" स्वतःच्या हातांनी छोटा व्यवसाय उभा केलेल्या माणसांकडून हा प्रश्न मी सारखा ऐकते. त्यातलाच एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ते आले होते झोपेच्या तक्रारीसाठी. वय पस्तिशीचं, गाड्यांच्या डिटेलिंगचं, म्हणजे गाडी आतून-बाहेरून साफ करून चमकवण्याचं दुकान, हाताखाली दोन मुलं. रात्री पाऊस सुरू झाला की ते दचकून उठायचे. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंग जपणारा थर, नुकतंच केलेल्या गाडीला निदान दिवसभर तरी पाणी लागू नये, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ग्राहकाला घाई म्हणून गाडी संध्याकाळीच दिलेली असायची. मग ती आता छपराखाली असेल की उघड्यावर, हा विचार करत ते अंथरुणात बसून राहायचे. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. रोज कित्येक तास थरथरणारं बफिंगचं, म्हणजे पॉलिश करायचं मशीन धरल्याने बोटांच्या नसांना आणि रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते. म्हणून बाकी काही बोलण्याआधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. माझ्या कामाचा तो भाग नव्हे, पण ते पुढे ढकलण्यासारखंही नव्हतं.

पहिल्या दोन भेटींत मी झोपेवरच काम केलं. श्वसन, झोपायची ठरावीक वेळ वगैरे. फरक जेमतेम पडला. पडणार तरी कसा? रात्री अकरापर्यंत पॉलिश करणाऱ्या माणसाला मी दहाला झोपायला सांगत होते. तिसऱ्या भेटीत मी झोपेचा विषय बाजूला ठेवला आणि म्हणाले, "एक आठवडा रजिस्टर ठेवा. गाडी कधी आली, तिला पहिला हात कधी लागला, कुणी काय केलं, किती वेळ लागला, कधी गेली. बस्स."

त्यांनी ते फार इमानदारीने लिहिलं. आम्ही शेजारी बसून बेरजा केल्या. सहा दिवसांत बारा गाड्या आल्या. सात गाड्यांना फक्त धुलाई आणि इंटिरिअर हवं होतं, पाच गाड्यांना पॉलिश. एका पॉलिशला सरासरी आठ तास, म्हणजे आठवड्याला चाळीस. मशीन फक्त त्यांच्याच हातात. आणि दिवसातले त्यांचे मशीनवरचे खरे तास निघाले पाच. उरलेला वेळ फोन, भाव सांगणं, सामान आणणं आणि मुलांचं काम तपासणं यात जायचा. एकदा बॉनेटवर कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, पसरलेलं असताना त्यांनी फोन घेतला. बोलणं लांबलं, कंपाउंड वाळलं, तेवढा भाग पुन्हा करावा लागला. असं आठवड्यात चारदा झालं होतं.

पाच तास, सहा दिवस, म्हणजे तीस. हवे होते चाळीस. ते दहा तास ते रात्री जागून भरत होते. मुलांच्या रकान्यात मात्र रोज दुपारी दीड-दोन तास कोरे होते.

ते बराच वेळ त्या कोऱ्या रकान्याकडे बघत राहिले. नवीन माणूस ते धुलाईलाच ठेवणार होते. तो आला असता तर गाड्या लवकर धुऊन झाल्या असत्या आणि त्यांच्या मशीनसमोरची रांग आणखी वाढली असती, पगार वेगळा.

अजून एक आकडा मी त्यांना काढून दाखवला. दुकानात कायम सहाएक गाड्या उभ्या असायच्या आणि दिवसाला दोन बाहेर पडायच्या. म्हणजे एक गाडी सरासरी तीन दिवस मुक्काम करणार. जॉन लिटल या संशोधकाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा रांगेचा नियम आहे आणि येणं आणि जाणं सरासरी सारखं असलेल्या कुठल्याही रांगेला तो लागू पडतो. कितीही धावपळ केली तरी त्या हिशोबात ते ग्राहकांना सांगत ते "उद्या संध्याकाळी न्या" बसतच नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे मी रोज खोटं बोलतोय." मी म्हणाले, "तुम्ही रोज स्वतःच्या झोपेतून ते खरं करून दाखवताय."

मग मी विचारलं, मशीन मुलांना का देत नाही? आधी उत्तर आलं, हल्लीच्या मुलांना काम शिकायचंच नसतं. तीन महिन्यांपूर्वी एक मुलगा सोडून गेला होता. तो जाण्याआधी काय म्हणाला होता, असं विचारल्यावर ते थांबले. "शेठ, मला मशीन कधी देणार? दोन-तीनदा विचारलं होतं त्यानं."

खरी गोष्ट त्यानंतर बाहेर आली. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या हातून दरवाजाच्या कडेवर रोटरी, म्हणजे एकाच जागी गोल फिरणारं मशीन क्षणभर जास्त टेकलं. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही बारीक, आणि कडेवर तर आणखी पातळ. रंग जळला. दरवाजा पदरचे पैसे घालून रंगवून द्यावा लागला. त्या मुलाला ते रागावले नाहीत, त्याच्याशी त्याबद्दल बोललेही नाहीत. फक्त त्या दिवसानंतर मशीन कुणाच्याही हातात दिलं नाही. मुलांना वाटत राहिलं, शेठचा आपल्यावर विश्वास नाही. कामाचा ताण पुष्कळ आणि स्वतः ठरवण्याची मुभा काहीच नाही, अशा जागी माणूस सर्वात लवकर खचतो, असं कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. मुलं टिकत नाहीत याचं मोठं कारण मला तिथे दिसलं. ते त्यांना ऐकवणं सोपं नव्हतं. पण मी ऐकवलं.

कोणाला, कसं शिकवायचं हे त्यांनीच ठरवलं, कारण त्यातलं त्यांना कळतं, मला नाही. भंगारातून एक जुनं बॉनेट आणलं. शिकायला रोटरीऐवजी ड्युअल ॲक्शन, म्हणजे फिरता फिरता जागाही बदलणारं मशीन दिलं, त्यावर रंग जळण्याचा धोका बराच कमी असतो. कडांना मास्किंग टेप लावायची आणि रंगाची जाडी मीटरने मोजल्याशिवाय मशीन लावायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला. फोनसाठी दिवसात दोन वेळा ठरल्या. मुलगा तयार होईपर्यंत आठवड्याला चारच पॉलिश घ्यायचे आणि एक दुपार मोकळी ठेवायची, कारण कुठलं ना कुठलं काम परत करावंच लागतं.

चार पॉलिशवर ते सर्वात जास्त अडले. "नाही म्हटलं तर ग्राहक जाईल." मी त्यांना नाही म्हणायला सांगतच नव्हते, खरी तारीख सांगायला सांगत होते. आम्ही ते वाक्य मोठ्याने बोलून पाहिलं, "गाडी सोमवारी आणा, गुरुवारी दुपारी न्या." पहिल्या वेळी त्यांचा आवाज कापला. पाच-सहा वेळा म्हटल्यावर बसला.

दुकान बंद करण्यापूर्वी दहा मिनिटं रजिस्टरपाशी बसायचं, हेही ठरलं. राहिलेलं प्रत्येक काम, उद्या किती वाजता, कोण करणार. अपुरं काम मनाला टोचत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरलं की टोचणी कमी होते. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रयोगांतून हे दाखवलं. माझ्यासमोर बसणाऱ्या कितीतरी दुकानदारांच्या बाबतीत मला हे खरं ठरलेलं दिसलं आहे.

आठ आठवड्यांनी ते आले. बोटांवर उपचार चालू होते आणि मशीनचे तास डॉक्टरांच्या सांगण्यावरून निम्मे झाले होते. दोन ग्राहक थांबायला तयार नव्हते, ते दुसरीकडे गेले. त्याचं दुःख त्यांना अजून होतं. मुलाने पहिलं खरंखुरं बॉनेट पूर्ण केलं, तेव्हा यांनी दिवा तिरपा धरून बघितलं. दोन ठिकाणी गोल चरे दिसले. "मशीन माझ्याकडे दे, असं ओठांवर आलं होतं," ते म्हणाले. "हात मागे बांधून उभा राहिलो. त्यानंच परत केलं."

त्याच आठवड्यात रात्री पाऊस झाला. त्यांना जाग आली. कोटिंगची गाडी दुकानातच आहे, शटरच्या आत, हे आठवलं आणि त्यांनी कूस बदलली.