ती ३८ बंद घरं टाकून देऊ नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पहिल्यांदा चहा पिता पिता, दुसऱ्यांदा कप बाजूला ठेवून. तुमच्या पीएचडीचा विषय दुष्काळ आणि स्थलांतर, गाईड भूगोलाचे, ते म्हणतात पावसाचे आकडे आणि नकाशे आणा, को-गाईड समाजशास्त्राच्या, त्या म्हणतात आकडे राहू द्या आधी माणसांशी बोला, आणि तुमचा प्रश्न असा की एकाच गोष्टीकडे दोन शाखा दोन तऱ्हेने बघतात तर खरं कुणाचं धरायचं. वर बाकीच्यांनी मिक्स्ड मेथडची (आकडे आणि मुलाखती एकत्र वापरायची पद्धत) पुस्तकं सुचवली आहेत, ती वाचा, त्यावर मी बोलत नाही. सॅम्पलिंग, प्रश्नावली, पायलट सर्व्हे हे तुम्हाला येत असणारच. मी थांबले ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीवर. '१८० घरांपैकी ३८ बंद होती, सरांच्या सांगण्यावरून त्यांच्याऐवजी शेजारची घरं घेतली.'

हेच मी केलं होतं. अगदी हेच. आणि त्यात माझं सव्वा वर्ष आणि फेलोशिपचा शेवटचा हप्ता गेला.

आधीच सांगते, मी मेथडॉलॉजीतली कोणी मोठी नाही. माझा थिसिस आजवर तीन परीक्षकांनी वाचला असेल, त्यातल्या एकाबद्दल मला अजून शंका आहे. त्यामुळे पुढचं सगळं 'माझ्या बाबतीत असं झालं' याच हिशेबाने घ्या.

तर माझं काम बीड जिल्ह्यात, आष्टी-पाटोद्याच्या बाजूला. मतदार यादीवरून दर चौथं घर, एकूण २४० घरं, सर्व्हे जानेवारीत. जानेवारी का, तर हवा बरी असते, कॉलेजला सुट्टी टाकता येत होती, आणि मला आधीच्या हंगामाचं ताजं ताजं विचारायचं होतं. ७१ घरांना कुलूप. मी फॉर्मवर 'प्रतिसाद नाही' लिहिलं, एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ९९ (म्हणजे 'माहिती नाही') टाकलं, आणि यादीतलं पुढचं घर घेतलं. कोणालाही विचारा, सर्रास असंच करतात.

आता निकाल काय आला बघा. पाऊस कमी झालेल्या गावांतल्या कुटुंबांचा महिन्याचा खर्च, दोन वेळचं जेवण, मुलांची शाळा, सगळं कालव्याखालच्या गावांइतकंच. एकदोन बाबतीत तर थोडं वरच. मला वाटलं मोठाच शोध लागला. दुष्काळी गावांची चिवट तग धरण्याची क्षमता वगैरे शीर्षक देऊन पेपरचा कच्चा मसुदा लिहिला, प्री-सबमिशन सेमिनारला स्लाईड दाखवल्या, टाळ्या पण पडल्या. तो मसुदा मी अजून डिलीट केलेला नाही, अधूनमधून उघडून बघते आणि लाज वाटून घेते.

मे महिन्यात त्याच गावात मुलाखतींसाठी गेले तर गाव ओळखू येईना. पोरंसोरं, बैलं, ट्रॅक्टर, पारावर माणसं, दुकानात गर्दी. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, 'मॅडम, तुम्ही मागं आल्ता तवा गाव हुतं कुठं इथं? गाव समदं कारखान्यावर.' झालं. मी त्या पाटावर बसल्या बसल्या घामाघूम. म्हणजे ज्यांच्यावर दुष्काळाचा सगळ्यात जास्त परिणाम झाला होता ते दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल घेऊन, घराला कुलूप लावून ऊसतोडीला गेले होते, आणि मी मागे राहिलेल्यांना, म्हणजे विहिरीला पाणी असलेले, नोकरीवाले, पेन्शनवाले आणि म्हातारी माणसं यांना विचारत होते की दुष्काळाचा काही त्रास झाला का. तग धरणारे कोण, तर ज्यांना मुळात जावंच लागलं नाही ते!

सांख्यिकीवाल्यांकडे याला नाव आहे. डोनाल्ड रुबिनने १९७६ मध्येच मांडून ठेवलंय की गहाळ माहिती कशामुळे गहाळ आहे हे कळल्याशिवाय ती सोडून देता येत नाही. माहिती योगायोगाने गेली असेल तर एक वेळ चालतं, पण ज्या गोष्टीचा अभ्यास करताय तिच्याचमुळे गेली असेल तर राहिलेला सगळा डेटा वाकडा. हे मला कोर्सवर्कला शिकवलं होतं! परीक्षेत लिहून मार्क पण मिळाले होते. पण कुलूप बघून ते आठवलं नाही, कारण कुलूप म्हणजे 'माहिती नाही' हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. समाजशास्त्राच्या माणसाला कदाचित पहिल्याच दिवशी कळलं असतं की कुलूप हीच माहिती आहे. माझ्याकडे तो डोळा नव्हता आणि ज्यांच्याकडे होता त्यांना मी 'तुमचे आकडे कुठायत' म्हणून बाजूला बसवलं होतं. म्हणून तुमच्या को-गाईड मॅडम काय म्हणतायत ते जरा ऐकाच.

मग काय केलं, तर पुन्हा सर्व्हे, मे-जूनमध्ये, त्याच मूळ ७१ घरांचा. ५८ सापडली. आणि जानेवारीचा डेटा फेकला नाही, 'घर बंद' हाच एक व्हेरिएबल, म्हणजे मोजायची बाब, केला, आणि खरं सांगायचं तर थिसिसमधलं जे एक प्रकरण परीक्षकाला आवडलं ते तेच. एक टिप इथेच देऊन टाकते, शाळेत विचारा. हंगामी वसतिगृहाची यादी असते, आईबाप तोडीला गेल्यावर मागे राहिलेल्या पोरांची. कोण कधी गेलं याचा त्याच्याइतका चांगला कागद मला कुठल्याच ऑफिसात मिळाला नाही. मुख्याध्यापकांशी नीट बोला, नावं थिसिसमध्ये छापू नका, आणि जाताना पोरांना वह्या न्या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, खरं कुणाचं. माझं मत (कडू वाटेल) असं की प्रश्नच चुकलाय, कारण दोघं एका गोष्टीबद्दल बोलतच नाहीयेत, फक्त शब्द एक वापरतायत. दुष्काळाचे चार प्रकार तुम्ही वाचले असतील, हवामानाचा, शेतीचा, जलस्रोतांचा आणि सामाजिक-आर्थिक, विल्हाइट आणि ग्लान्ट्झ यांनी १९८५ मध्ये केलेली वर्गवारी. आपण ती सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) एका परिच्छेदात उरकतो आणि पुढे दोनशे पानं नुसतं 'दुष्काळ' लिहितो. हवामान खात्याने तर २०१६ पासून ड्राउट हा शब्द वापरणंच सोडलं, ते आता 'डेफिशियंट' म्हणतात, म्हणजे पाऊस कमी पडला एवढंच आम्ही सांगणार, पुढचं तुमचं तुम्ही बघा. मला हा प्रामाणिकपणा आवडला. महसूल खात्याचा दुष्काळ वर्षानुवर्षं पैसेवारीतून यायचा, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या तुलनेत यंदाचं पीक रुपयात किती पैसे, ५० पैशांच्या आत की बाहेर. आणि गावातल्या म्हाताऱ्यांचा तिसराच. माझ्या मुलाखतीत एक आजी म्हणाल्या, बहात्तरला खायला नव्हतं पण प्यायला होतं, आता खायला आहे पण प्यायला नाही. मराठवाड्यात हे बऱ्याच जणांकडून ऐकाल. पावसाच्या टेबलात ती दोन्ही वर्षं 'तूट' म्हणून एकाच रकान्यात बसतात. आजींच्या लेखी ती दोन वेगळी संकटं आहेत, एक रेशनची मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन काढलेलं, दुसरं टँकरच्या रांगेत काढलेलं. तुमच्या नकाशाला हा फरक दिसणारच नाही, त्यात नकाशाची चूक नाही, तो त्या कामाचाच नाही.

पैसेवारीवर अडकू नका एवढी विनंती. मी ती सुरुवातीला तापमान मोजल्यासारखी वापरली, गाव अमुक, पैसे ४७, गाव तमुक, पैसे ५३, आणि लगेच ग्राफ. ४७ आणि ५३ मध्ये किती पिकाचा फरक आहे आणि किती गावबैठकीचा, हे त्या समितीत बसलेल्याला विचारल्याशिवाय कळत नाही. तलाठी, कृषी सहाय्यक, सरपंच, चार शेतकरी, आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, आणि पीक कापणीचे प्रयोग झाल्यावर अंतिम. ५० च्या आत आलं की सवलती, म्हणजे तो आकडा पिकाचा आहेच पण हक्काचा पण आहे. याचा अर्थ तो खोटा असं मी म्हणत नाहीये!! राज्यशास्त्राच्या माणसाला तो सोन्यासारखा आहे. फक्त पिकाच्या उत्पादनाचं माप म्हणून डोळे झाकून घेऊ नका.

मी तेव्हापासून एक सवय लावून घेतली, प्रत्येक आकड्याचा सातबारा काढायचा. मालक कोण, कसतं कोण, इतर हक्कात कोणाचं नाव, बोजा कसला. म्हणजे आकडा कोणी नोंदवला, कशासाठी, किती वाजता, तो कमीजास्त झाला तर कोणाचं काय जातं. 'किती वाजता' हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही. गावातले लोक ठामपणे सांगत होते की पोळ्याच्या संध्याकाळी धो धो पाऊस झाला, माझ्या टेबलात त्या तारखेला शून्य. मी डायरीत लिहिलं, 'स्मृतिभ्रंश, मौखिक माहिती अविश्वसनीय'. काय तो तोरा माझा! पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लागतो. म्हणजे संध्याकाळचा पाऊस दुसऱ्या दिवसाच्या नावावर. लोक बरोबर होते, टेबल पण बरोबर होतं, मीच अडाणी. तुम्ही जर हवामान खात्याचा ग्रिडचा डेटा (नकाशावर चौकटी पाडून प्रत्येकीला दिलेला पाऊस) घेणार असाल तर हेही बघा की एक चौकट अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाची, म्हणजे साधारण २७-२८ किलोमीटरची आहे. त्यात तुमची सगळी गावं एकत्र पडतील आणि मग गावागावातला फरक तुम्ही मोजताय असं फक्त वाटेल. विहिरींचं तर बोलूच नका, आपल्या काळ्या पाषाणात बांधाच्या अलीकडची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी, भूजलवाल्यांच्या एका निरीक्षण विहिरीवरून अख्ख्या पाणलोटाचं सांगताना तेही जपूनच बोलतात.

आणि कार्यकारणभाव. पाऊस कमी म्हणून माणसं गेली, हे तुमच्या सिनॉप्सिसमधलं गृहीतक असणार, सगळ्यांचंच असतं. पण उचल ही आगाऊ घेतलेली असते, कुणी पोरीच्या लग्नाला, कुणी दवाखान्याला, आणि ती फिटली नाही की पाऊस कितीही चांगला झाला तरी पुढच्या वर्षी कोयता उचलावाच लागतो. दुसरीकडे काम किती मिळणार हे आपल्या गावच्या पावसावर नाही, उसाच्या पट्ट्यातल्या पावसावर आणि तेही मागच्या वर्षीच्या. ऊस बारा ते अठरा महिन्यांचं पीक. २०१५ चा दुष्काळ साखरेत दिसला तो २०१६-१७ च्या हंगामात, राज्याचं उत्पादन ८४ लाख टनांवरून ४२ लाखांच्या आसपास आलं, आणि २०१६ ला पाऊस तर बरा झाला होता! त्याच वर्षाचा पाऊस आणि त्याच वर्षाचं स्थलांतर शेजारी ठेवून कोरिलेशन काढलं तर जे येईल ते फक्त सुबक दिसेल. अर्थशास्त्राच्या एका मैत्रिणीने मला हे कँटीनमध्ये पाच मिनिटांत सांगितलं. दोन वर्षं ती माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये होती आणि मी विचारलं नव्हतं.

बाकी तुम्ही लिहिलंय की आरआरसीने (विषयाला मान्यता देणारी विद्यापीठाची समिती) 'विषय नेमका कोणत्या विद्याशाखेचा' म्हणून परत पाठवला. यावर मी शांतपणे लिहू शकत नाही. माझी फाईल एका कमिटीने आठ महिने ठेवून घेतली, मग सांगितलं की शीर्षकातला 'अनुभव' हा शब्द काढा, तो भूगोलात बसत नाही. काढला. पुढच्या बैठकीत दुसरे सदस्य, ते म्हणाले लोकांचे अनुभव कुठे आहेत, याला सामाजिक बाजूच नाही. टेबलावरच्या क्लार्कला विचारलं तर 'साहेबांना विचारा', साहेबांना विचारलं तर 'टेबलला विचारा'. एकदा तर मूळ प्रतच सापडेना आणि मलाच पुन्हा पाच प्रती काढून बाइंडिंग करून द्यायला सांगितलं. तेव्हा प्रत्येक कागदाची पोच घ्या, आवक क्रमांक आणि शिक्क्यासकट, आणि त्याचा फोटो काढून ठेवा. शीर्षक नोंदणीच्या शाखेला साजेसं साधं ठेवा, खरा खेळ पद्धतीच्या प्रकरणात खेळा. हे आदर्शवादी नाही हे मला कळतं, पण फेलोशिपची घड्याळं आदर्शवादावर चालत नाहीत. (तुमच्या विद्यापीठात नियम वेगळे असतील, अध्यादेश स्वतः वाचा, माझ्यावर जाऊ नका.)

गाईड आणि को-गाईडचं भांडण मात्र स्वतःच्या अंगावर घेऊ नका. मी दोघांना खूश करायला अर्धे आकडे अर्ध्या मुलाखती अशी भेळ केली होती, प्रकरण चारमध्ये टेबलं, प्रकरण पाचमध्ये लोकांचे उद्गार, आणि दोन्हींची एकमेकांशी ओळख नाही. जिथे मुलाखत आणि टेबल भांडतात तीच जागा आधी उघडून बघा. माझं पोळ्याचं, कुलपांचं, दोन्ही तिथेच सापडलं. भांडण मिटवायची घाई केली असती, म्हणजे केलीच होती, तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

सगळ्यात आधी त्या ३८ घरांचे मूळ क्रमांक फाईलमध्ये परत टाका, शेजाऱ्यांच्या उत्तरांपासून वेगळे. आणि सर्व्हे नेमका कोणत्या महिन्यात केलात ते पोस्टमध्ये दिसलं नाही, तेवढं लिहा. नोव्हेंबर ते एप्रिलमधला असेल तर मी माझा 'घर बंद'वाला फॉर्म पाठवते, दीड पानाचाच आहे, शेजाऱ्याला विचारून भरता येतो.